घराखालची ओल : झरोके उघडे ठेवायचे की बुजवायचे?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. घर १९९४ सालचं, तळमजला साधारण १५०० चौरस फूट, खाली क्रॉलस्पेस, म्हणजे जमीन आणि तळमजला यांच्यामधली सरपटत जाण्याइतकी बुटकी पोकळी, तिच्या भिंतींना झरोके. जूनपासून घरात कुबट वास येतो आहे. हॉलमधल्या ओक लाकडाच्या पट्ट्यांच्या कडा उचलल्यात आणि मध्ये खोलगटपणा आलाय. एका कंपनीचा माणूस फुकट तपासणी करून गेला. त्याने बुरशीचे फोटो दाखवले आणि म्हणाला, सगळं बंदिस्त करा, तुळयांखाली आठ जॅक (लोखंडी टेकू) लावा, १८ हजार डॉलर, आज सही केली तर सूट. माझे वडील सध्या संगमेश्वरहून आले आहेत. ते म्हणतात, "एवढे पैसे कशाला? झरोके सताड उघड, वारा खेळला की ओल जाते." कोणाचं ऐकू?

उत्तर : आज तरी कोणाचंच ऐकू नका. सही तर अजिबात करू नका.

आधी वडिलांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं पटकन पटतं. संगमेश्वरकडच्या जुन्या घराचं जोतं भरीव असतं, जांभ्याच्या आत दगडमातीची भरणी. जमिनीखाली पोकळी नाही, त्यामुळे वारा खेळवायचा तो घरात. तोही एप्रिल-मे महिन्यांत. त्यांना विचारा, आषाढात पापडाचा डबा वारा लागावा म्हणून उघडा ठेवता का? केरीचा जुलै म्हणजे तुमच्या क्रॉलस्पेससाठी आषाढच आहे.

आकड्यांत सांगते. बाहेर ८६ अंश फॅरनहाइट आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) ७२, हा आपल्याकडचा अगदी नेहमीचा उन्हाळी दिवस. त्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६३ टक्क्यांच्या आसपास येते. हीच हवा झरोक्यातून घराखाली शिरते. तिथे जमिनीच्या गारव्यामुळे तापमान ७५. बाष्पाचा एक थेंबही वाढला नाही, तरी आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. एसीची थंड हवा नेणाऱ्या डक्टचा पत्रा ६० अंशांवर असला तर त्यावर सरळ पाणी धरतं आणि ठिबकतं. म्हणजे जितका वारा खेळवाल तितकं पाणी आत आणाल. लाकडाच्या पृष्ठभागाजवळ आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. वास वर येतो कारण तळमजल्याच्या फटींतून आणि गळक्या डक्टमधून खालची हवा घरात खेचली जाते. हॉलमध्ये तुम्ही घेता त्या श्वासात क्रॉलस्पेसची हवा असते.

मग असे झरोके बांधले कशाला? बांधकाम नियमांत दर १५० चौरस फुटांमागे एक चौरस फूट झरोका हे प्रमाण वर्षानुवर्षं चालत आलं आहे, आणि तुमचं घर त्या काळातलं. पुढे रॅली शहरातल्या अ‍ॅडव्हान्स्ड एनर्जी या संस्थेने प्रिन्सव्हिलमध्ये १२ सारख्या घरांवर मोजमापं घेतली. प्रिन्सव्हिल म्हणजे १९९९ च्या फ्लॉइड वादळात बुडालेलं गाव. काही घरांचे झरोके उघडे होते, बाकीच्यांचे क्रॉलस्पेस बंद. बंदवाले कोरडे राहिले, आणि गरम-गार करण्याची वीज १५ टक्क्यांच्या वर वाचली. माझा स्वतःचा अनुभवही हाच. या भागातल्या घरांखाली मी पोटावर सरपटत बरीच वर्षं काढली आहेत. झरोके उघडे असलेल्या घराखाली ऑगस्टमध्ये गेलं की इन्सुलेशनचे ओले गठ्ठे डोक्यावर लोंबत असतात आणि पंख नसलेले, मुके, कुबडे रातकिडे अंगावर उड्या मारतात.

म्हणजे कंपनीचा माणूस अर्धा बरोबर आहे. पण त्याने क्रम उलटा लावला, कारण बाहेरचं काम तो विकत नाही. सुरुवात पन्हळीपासून करा. एक इंच पाऊस पडला तर १५०० चौरस फुटांच्या छपरावरून सुमारे ९३० गॅलन पाणी उतरतं. पन्हळीचा खालचा पाइप भिंतीच्या पायाशीच संपत असेल तर ते सगळं पाणी तुम्ही स्वतः पायात सोडताय. आपल्याकडची लाल चिकणमाती ते पटकन शोषत नाही आणि एकदा शोषलं की सोडतही नाही. पाइप लांबवून पाणी दूर न्या. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरली पाहिजे. फुलझाडांच्या वाफ्यात दरवर्षी झाडाच्या सालीचा नवा थर टाकून टाकून बऱ्याच जणांनी हा उतार घराकडे वळवलेला असतो. तुमचाही बघा. कपडे वाळवायच्या मशीनचा पाइप घराखालीच सुटलेला नाही ना, एसीच्या पाण्याची नळी खालीच गळत नाही ना, हेही त्याच दिवशी बघून घ्या. यातलं बहुतेक काम शनिवारी फावड्याने होतं.

मोठा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी खाली उतरा. पाणी साचलेलं दिसलं तर आधी त्याचा निचरा करायचा. गरज पडली तर खड्डा घेऊन पंप बसवायचा. डबक्यावर प्लॅस्टिक अंथरण्यात काही अर्थ नाही.

जमीन कोरडी असेल तरच बंदिस्त करण्याकडे वळा. संपूर्ण मातीवर किमान ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) प्लॅस्टिक, जोड एकमेकांवर चढवून टेप मारलेले, कडा भिंतीवर वर नेऊन चिकटवलेल्या. मी स्वतः जाड घ्यायला सांगते, कारण पुढे प्लंबर त्याच्यावरूनच सरपटणार. मग झरोके आतून बुजवायचे, येण्याजाण्याच्या दाराला रबरपट्टी लावायची आणि डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) बसवून त्याच्या पाण्याची नळी बाहेर काढायची. हे यंत्र वगळून नुसते झरोके बुजवणं सगळ्यात वाईट. आर्द्रता साठाच्या खाली राहते का, ते वायरलेस मीटर खाली ठेवून वर स्वयंपाकघरात बसून बघता येतं. भिंतीला फोम लावणार असाल तर वर लाकडाखाली तीन इंचांची पट्टी उघडी सोडायला सांगा. वाळवी मातीच्या नळ्या करत तिथूनच चढते, आणि झाकलं तर ती तपासनिसाला दिसणारच नाही.

एक गोष्ट मात्र कोटेशनमध्ये शोधाच. खाली गॅसचा हीटर किंवा फर्नेस असेल आणि तो जळायला क्रॉलस्पेसचीच हवा घेत असेल, तर जागा बंद केल्यावर त्याचा धूर उलटा घरात येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. याचा बंदोबस्त झाल्याशिवाय एकही झरोका बुजवू देऊ नका. काम झाल्यावर रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची चाचणीही करून घ्या. लिटरमागे ४ पिकोक्युरी (रेडॉन मोजायचं एकक) किंवा जास्त आलं तर उपाय करायला हवा.

आता ते आठ जॅक. त्याने लाकडातली ओल मोजली का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही. दोन सुयांचा मीटर फार महाग नसतो, तुम्हीच घ्या. तुळयांमध्ये १५-१६ टक्के आलं तर निवांत राहा. वीसच्या वर गेलं तर लक्ष घाला. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मात्र २८-३० च्या आसपास ओल लागते, त्यामुळे फोटोत बुरशी दिसली म्हणजे लाकूड कुजलंच असं नव्हे. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, विशेषतः बाथरूमखाली आणि बाहेरच्या भिंतीवर टेकलेल्या लाकडात. टोक अडलं तर लाकूड शाबूत आहे. खचकन आत गेलं किंवा वरची जमीन खरोखरच झुकली असली, तर परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनियरला फी देऊन बोलवा. असा इंजिनियर, जो जॅक विकत नाही. त्याने लेखी दिलं की चार हवेत तर चार लावा, शून्य म्हटलं तर शून्य. कित्येकदा कुजलेल्या एकदोन तुळयांना शेजारी नवी तुळई जोडून काम भागतं. पायाशिवाय मातीवर नुसते टेकवलेले जॅक मी अनेक घरांखाली पाहिलेत. पाऊस झाला की ते खचतात आणि मग कशालाच टेकू देत नाहीत.

ओकच्या पट्ट्या आत्ता घासून सपाट करायला जाऊ नका. खालून ओल लागून त्या फुगल्या आहेत. खालची जागा कोरडी झाली की काही महिन्यांत बऱ्याचशा आपोआप बसतात. आज उचललेल्या कडा घासून टाकल्यात तर वाळल्यावर पट्ट्यांचे मध्यभाग वर येतील आणि नवा खर्च पदरात पडेल.

आणि वडिलांना दुखवू नका. हिवाळ्यात कोरड्या थंडीत त्यांचं म्हणणं इथेही लागू पडतं. फक्त ते आलेत उन्हाळ्यात.

प्रश्न : शार्लटला आमच्या घराखालच्या तुळयांवर पांढरी बुरशी आहे. स्वतःच ब्लीच फवारलं तर चालेल का?

उत्तर : नको. बुरशी साफ करताना सरसकट ब्लीच वापरू नये, असं अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीएदेखील सांगते. ब्लीचमधलं पाणी लाकडात मुरतं, आणि खाली ओल आधीच आहे. त्यात त्या कोंदट जागेत पडून फवारताना वाफ तुमच्याच छातीत जाणार. आधी ओल थांबवा. मग एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने घासा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. डाग राहिले तर राहू द्यात. बुरशी दहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर माणूस बोलवा, पण फवारणीच्या आधी त्याला ओलीचं कारण विचारा. ते सांगता आलं नाही तर दुसरा माणूस बघा.