गावातल्या सर्व्हरला एसएसएचने (दुरून सर्व्हरवर काम करायची सोय) लॉगिन व्हायला २० सेकंद लागतात. नेट स्लो असल्यामुळे का?

नाही. लॉगिन झाल्यावर टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं का, ते पाहा. उमटत असेल तर नेटला हात लावू नका. खेडं म्हटलं की कुठलाही बिघाड "तुमच्याकडे रेंजच नाही" म्हणून उडवून लावतात, आणि भुर्दंड गावाला बसतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगचा सर्व्हर मी पाहिला. सेंटओएस ६ ही लिनक्स, एसएसएचचा प्रोग्राम ओपनएसएसएच ५.३, त्यावर गठाणींचा हिशेब. यूजरनेम दिलं की पासवर्ड विचारायलाच २० सेकंद. कापूस आवक जोरात, दिवाणजी ताटकळलेले, आणि मालक आणखी एक नेट कनेक्शन घ्यायला निघालेले. पण त्याच खोलीतल्या, त्याच स्विचवरच्या कॉम्प्युटरवरूनही तेवढेच २० सेकंद लागत होते! सर्व्हरवरची रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल उघडली, तर नेमसर्व्हरच्या (नाव आणि आयपीची जोडी शोधून देणारे सर्व्हर) दोन्ही ओळी आधीच्या कनेक्शनच्या. ते बंद केल्यापासून दोन्ही पत्ते मुके झाले होते. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरकडचा एसएसएच, येणाऱ्याच्या आयपीवरून त्याचं नाव शोधतो. एका नेमसर्व्हरसाठी ५ सेकंद थांबतो, नेमसर्व्हर दोन, फेऱ्या दोन. झाले २०. म्हणजे नेट बदलल्यानेच ते दुखणं आलं होतं, आणि उपाय म्हणून पुन्हा नेटच बदलणार होते.

चालू असलेले नेमसर्व्हर टाका आणि एसएसएचडी-कॉन्फिग या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'यूजडीएनएस नो' (नाव शोधू नको) लिहा. २०१५च्या ६.८ पासून मूळ ओपनएसएसएचमध्ये ते आधीच 'नो' असतं, जुन्यात हाताने करावं लागतं.

तुमचं दुखणं वेगळंही असू शकतं. 'एसएसएच' कमांडला तीन 'व्ही' (वजा व्हीव्हीव्ही) लावून चालवा, म्हणजे प्रत्येक पायरीची ओळ दिसते, आणि ओळ कुठे अडते ते बघा. 'जीएसएसएपीआय' या लॉगिनच्या वेगळ्या पद्धतीपाशी अडली तर क्लायंटकडे (ज्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करता तिथे) 'जीएसएसएपीआय-ऑथेंटिकेशन नो' करा. पासवर्ड मान्य झाल्यावर २५ सेकंद गेले तर बहुधा डीबस (प्रोग्रामांमधले निरोप पोचवणारं) मध्येच रीस्टार्ट झालेलं असतं आणि सिस्टमडी-लॉगिनडी (लॉगिनची नोंद ठेवणारं) अडकलेलं असतं, ते लॉगिनडी रीस्टार्ट करा. कनेक्ट होण्याआधीच अडलं तर आयपीव्ही६ बंद करून पाहा, म्हणजे कमांडला 'वजा ४' लावा. प्रॉम्प्ट येता येता रखडलं तर बॅशआरसी (शेल सुरू होताना चालणारी फाइल) तपासा.

'यूजडीएनएस नो' केल्यावर ऑथोराइज्ड-कीज फाइलमधल्या (पासवर्डऐवजी चालणाऱ्या कीजची यादी) 'फ्रॉम'मध्ये, म्हणजे की कुठून चालेल त्या अटीत, होस्टनेम चालत नाही, आयपी लिहावा लागतो, नाहीतर ती की नाकारली जाईल. आणि फाइल बदलल्यावर 'एसएसएचडी वजा टी'ने तपासा, मग रीलोड. एक चालू सेशन उघडंच ठेवा. सर्व्हर ५० किलोमीटरवर असेल तर एका चुकीच्या अक्षरापायी गाडी काढून जावं लागतं.

अक्षरं मात्र खरंच उशिरा उमटत असतील, तर नेटवाल्याला बोलवा. पण आधी पिंगचा आकडा (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) लिहून ठेवा, म्हणजे तो "लाइन बरोबर आहे" म्हणाला की समोर ठेवता येईल.