एसी लावला की गाडीत कुबट वास येतो, इव्हॅपोरेटर घरीच साफ करता येतो का?

येतो साफ करता. डॅशबोर्ड खोलायची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

तुम्ही लिहिलंय की एसी लावल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं वास येतो मग कमी होतो, आणि घरचे म्हणतात की तुम्ही गाडीत वडापाव खाता म्हणून येतो. हे वडापावचं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय. गाडीत बसणाऱ्या माणसाला आधी दोष देऊ नका. आधी कूलिंग कॉइल बघा. इव्हॅपोरेटर म्हणजे तीच, एसीची हवा जिच्यावरून जाऊन थंड होते ती जाळी, गॅरेजवाले सगळे कूलिंग कॉइलच म्हणतात.

आमच्याकडे 2022 च्या पावसाळ्यात झालं हे. माझे वडील निफाड तालुक्यात असतात, द्राक्षाची बाग आहे. मी नाशकात इंदिरानगरला, मोठा भाऊ ठाण्याला. भाचीचा साखरपुडा कल्याणला होता म्हणून आम्ही सगळे माझ्याच गाडीतून निघालो, दादा-वहिनी दोन दिवस आधी नाशकात आले होते. बाबा पुढे डावीकडे, गुडघ्यामुळे त्यांना मागे बसवत नाही. इगतपुरीच्या पुढे धुकं आणि पाऊस, काचा बंद, आणि समोरची काच आतून वाफ धरते म्हणून एसी लावावाच लागतो. लावला आणि असा भपकारा आला की वहिनींनी नाकाला रुमाल लावला. दादा मागून म्हणाला, "बाबा, ती तंबाखूची पुडी आधी बाहेर टाका, अख्खी गाडी घाण मारतेय." वर पायाखालचं कार्पेट ओलं दिसलं म्हणून, "आणि जरा पाय पुसून बसत जा."

बाबा म्हणाले, "तंबाखूचा नाही रे हा वास. ओलं बारदान कुजल्यावर येतो तसा येतोय, कुठंतरी ओल धरलीय." कुणीच ऐकलं नाही. मीही नाही. घाट उतरल्यावर चहाला थांबलो तिथे त्यांनी चूळ भरली, पुडी कचऱ्यात टाकली आणि परत येऊन बसले. वास तेवढाच होता. हे गाडीतल्या प्रत्येकाला कळलं पण एक शब्द कुणी बोललं नाही, आणि येताना बाबा "मला वाटेत एकाकडे जायचंय" म्हणून एसटीने आले. त्यानंतर तीन महिने ते माझ्या गाडीत बसले नाहीत. डोळ्याच्या तपासणीला नाशकात यायचे तेसुद्धा एसटीने.

दरम्यान दादाने डॅशबोर्डवर ठेवायच्या परफ्यूमच्या दोन डब्या पाठवल्या. परफ्यूमबद्दल माझं मत स्पष्ट आहे, त्याने काहीही साफ होत नाही, कुबट वासात मोगरा मिसळतो आणि आधीपेक्षा जास्त मळमळतं. माझ्या मुलीला त्र्यंबकच्या रस्त्यावर उलटी झाली ती त्या मिश्रणानेच. मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर त्यांनी न उघडताच कॉइल बदला म्हणून साडेअकरा हजारांचं एस्टिमेट हातात दिलं.

शेवटी अंबडकडे एक एसीवाला आहे त्याच्याकडे गेलो. त्याने एसी फुल करून दहा मिनिटं गाडी चालू ठेवली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीखाली पाणीच पडत नाहीये." इथेच सगळं उत्तर होतं. कॉइल थंड असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते आणि ते पाणी ड्रेन पाईपमधून गाडीखाली टपकायला पाहिजे. माझा पाईप धूळ आणि पानांच्या चुऱ्याने बंद होता. पाणी आत साचत होतं, कॉइल कायम ओली, त्यावर धूळ, त्यावर बुरशी, आणि जास्तीचं पाणी डाव्या बाजूच्या कार्पेटखाली उतरत होतं. म्हणजे बरोबर बाबांच्या पायाखाली. ज्या ओलीबद्दल त्यांना बोललो ती आमच्याच गाडीची होती. त्याने पाईप मोकळा केला तेव्हा चहाच्या चोथ्यासारखं काळं पाणी आलं, त्या वासाने मीच दोन पावलं मागे गेलो.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, बागेत पण तेच असतं, पान ओलं राहिलं आणि हवा खेळली नाही की डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आलाच, म्हणून तर आम्ही फुटी (नवे कोंब) विरळ करतो. चाळीस वर्षं बुरशीशी भांडलेल्या माणसाने वास ओळखला होता आणि आम्ही त्याला पाय पुसायला सांगत होतो.

आता तुमचं काम. सगळ्यात आधी एसी लावून गाडीखाली पाणी पडतंय का बघा, डाव्या बाजूला, इंजिनाच्या मागच्या अंगाला. दमट दिवसात पडलंच पाहिजे. पडत नसेल तर पाईप मोकळा केल्याशिवाय कॉइल धुवायचा फोम स्प्रे मारू नका, फोम आत अडकेल आणि वास दुप्पट होईल. पाईपात तार खुपसू नका, मऊ नळी घाला नाहीतर हलकी हवा मारून घ्या. मग एसी फिल्टर काढा, बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, काही बेस मॉडेलना कंपनीकडून फिल्टरच येत नाही, फक्त जागा असते, तसं असेल तर नवीन घालून घ्या. कॉइलचा फोम स्प्रे लांब नळीवाला मिळतो, गाडी बंद, ब्लोअर बंद, नळी ड्रेन पाईपातून वर सरकवायची आणि डबा रिकामा करायचा. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, फोम विरघळून घाण घेऊन खाली येतो. नंतर गाडी चालू करून, एसी बंद ठेवून, ब्लोअर फुल, हीटरवर, दारं उघडी, दहा मिनिटं. नवा फिल्टर सगळ्यात शेवटी. मला फिल्टर आणि फोम मिळून हजाराच्या आत पडलं, एसीवाल्याची मजुरी वेगळी.

आणि वास परत येऊ नये म्हणून जे करायचं ते फुकटचं आहे. पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा पण ब्लोअर चालू राहू द्या, कॉइल वाळते. बाबांचं फुटी विरळ करणं म्हणजे हेच. आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबून ठेवू नका, मधूनमधून बाहेरची हवा येऊ द्या. थंडीत आपल्याकडे तीन-तीन महिने कुणी एसी लावत नाही, तरी आठवड्यातून दहा मिनिटं लावा, कॉम्प्रेसरलाही बरं असतं.

दादाचं अजूनही म्हणणं आहे की त्या दिवसानंतर बाबांनी तंबाखू कमी केली म्हणून वास गेला. साफ चूक. बाबा आजही तेवढीच खातात, पुडी शर्टाच्या खिशात असते, ते पुढेच बसतात आणि गाडीला काडीचा वास नाही. परवा निफाडहून येताना दादा मागेच बसला होता, एसी चालू होता, रुमाल कुणी काढला नाही. त्याने एकदा बाबांसमोर म्हणावं की चुकलो, एवढंच माझं म्हणणं आहे. मी म्हटलंय. (तंबाखू चांगली असं मी म्हणत नाहीये, ती सुटावी म्हणून आमचं घरात वेगळं भांडण चालूच आहे, पण ते तोंडाच्या काळजीचं, गाडीच्या वासाचं नाही.)

काही गोष्टी आधी लिहायच्या राहिल्या. वास गोडसर असेल आणि काच आतून चिकट धुरकट होत असेल तर ती कॉइल नाही, हीटरच्या कोअरमधून (हीटरच्या जाळीतून) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतंय, तिथे फोमचा उपयोग शून्य. मेलेल्या उंदरासारखा असेल तर बहुतेक खरंच उंदीर, ब्लोअर उघडावा लागेल. घरातलं ब्लीच किंवा अॅसिड कॉइलवर अजिबात नको, अॅल्युमिनियम खाऊन टाकतं, गळती लागली की मग खरंच कॉइल बदलावी लागेल. फोमचा डबा पेट घेऊ शकतो, जवळ विडी-सिगारेट नको, आणि घरात दम्याचं कुणी असेल तर त्याला त्या दिवशी गाडीपासून लांब ठेवा. फोम करूनही महिन्याभरात वास परत आला तर कॉइलवर घाणीचा थर जाड झालाय, मग मात्र डॅशबोर्ड खोलून कॉइल बाहेर काढावी लागते, त्यासाठी एसीचा गॅस काढून परत भरावा लागतो, ते घरी करायचं काम नाही.

किती दिवस टिकतं विचारलंय, तर माझं दोन पावसाळे टिकलं, मध्ये फक्त फिल्टर बदलला. पण माझं कार्पेटखालचं स्पंज काढून चार दिवस गच्चीवर वाळवलं होतं. तुमच्या गाडीत डावीकडे हात घालून बघा, तिथं ओल लागली तर कॉइल कितीही धुतली तरी ते वाळवल्याशिवाय वास जायचा नाही.