‘लगोरी’ हा शब्द कुणाचा ट्रेडमार्क असू शकतो का? नोटीस आली म्हणून गेमचं नाव बदलावं का?

तुम्ही लिहिलंय की लगोरीवर मोबाइल गेम केला, नावातही ‘लगोरी’ आहे, आणि आता एका कंपनीची नोटीस आली आहे: हा शब्द आमचा ट्रेडमार्क आहे, सात दिवसांत नाव बदला. माझं ऐका, या सात दिवसांत नावाला हात लावू नका. आधी नोटिशीत त्यांच्या ट्रेडमार्क अर्जाचा क्रमांक दिलाय का ते बघा.

हे एवढ्या कळकळीने सांगतोय, कारण आम्ही घाबरलो होतो. आम्ही तिघांनी विक्रोळीला एका मित्राच्या घरी बसून आट्यापाट्यांचा गेम केला होता. नावात ‘आट्यापाट्या’ होतंच, दुसरं काय असणार? अशीच एक नोटीस आली. वकिलाची फी कुठून आणायची या विचारानेच हातपाय गळाले आणि आठवड्याच्या आत आम्ही नाव बदललं. त्यानंतर जुन्या नावाने शोधणाऱ्यांना गेम सापडेनासा झाला. वर्षभराने मी ट्रेडमार्क नोंदणीच्या संकेतस्थळावर त्यांचा क्रमांक टाकून पाहिला. समोर ‘ऑब्जेक्टेड’ असं दिसलं. म्हणजे नोंदणी झालेलीच नव्हती, नुसता अर्ज केलेला होता. ते आठवलं की अजून चुटपूट लागते.

आता मूळ मुद्दा. ट्रेडमार्क म्हणजे माल कुणाचा हे ओळखण्याची खूण. शब्द कुणाच्या मालकीचा होत नाही. ‘लगोरी’ नावाचे पंखे कुणी विकले तर तो शब्द त्या पंख्यांची खूण होऊ शकतो. पण लगोरीच्याच खेळाला लगोरी म्हणणं हे वर्णन झालं. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार किंवा गुण सांगणारा शब्द एरवी नोंदवता येत नाही. मुख्य अपवाद असा: अर्जाच्या आधीच्या वापरामुळे तो शब्द ऐकताच लोकांना तीच कंपनी आठवत असेल तर. आणि नोंदणी झालीच, तरी कलम ३५ प्रमाणे प्रामाणिकपणे वर्णन म्हणून तो शब्द वापरणाऱ्याला अडवता येत नाही.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. शादी डॉट कॉम चालवणारी कंपनी सेकंडशादी डॉट कॉमविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१६ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अंतरिम मनाई नाकारली. लग्न जुळवण्याच्या व्यवसायात ‘शादी’ हा वर्णनाचाच शब्द, तो एकट्या कुणाला कसा देणार?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अक्षरं जुळवून शब्द बनवण्याच्या खेळाचं नाव असलेला ‘स्क्रॅबल’ हाही शब्दकोशातला साधा इंग्रजी शब्द. पण कोलकात्याच्या दोन भावांच्या ‘स्क्रॅब्युलस’ या तशाच ऑनलाइन गेमविरुद्ध २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नाव वापरायला मनाई केली. त्या खेळाचं वर्णन त्या शब्दात नव्हतं, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने ती एका विशिष्ट खेळाची खूण झाली होती. लगोरी तर कुणा कंपनीने शोधलेली नाही, ती आपल्या आजोबांच्याही आधीपासून गल्लीत खेळली जाते. हा फरक वकिलाकडून उत्तरात ठळक मांडून घ्या.

बाहेरच्या देशांतही असेच वाद झालेत. कँडी क्रश सागा काढणाऱ्या ‘किंग’ने ‘कँडी’ शब्दासाठी अर्ज केला आणि ‘द बॅनर सागा’ या गेमच्या नावाला ‘सागा’वरून हरकत घेतली. कँडी क्रशचा आणि त्या गेमचा संबंध काय? जानेवारी २०१४ मध्ये जगभरच्या डेव्हलपरांनी चिडून मुद्दाम हेच शब्द नावात घालून ढीगभर छोटे गेम केले. फेब्रुवारीत किंगने ‘कँडी’चा अमेरिकेतला अर्ज मागे घेतला. पॅरिसच्या मोबिगेमचा ‘एज’ हा गेम मात्र ‘एज’वर हक्क सांगणाऱ्या एका कंपनीमुळे २००९ मध्ये ॲप स्टोअरवरून उतरला होता. पुढे त्याच कंपनीचा वाद ईए या बड्या कंपनीशी झाला, तेव्हा २०१० मध्ये अमेरिकेच्या कोर्टाने तिच्या पुराव्यांवर गंभीर शंका घेतली आणि शेवटी ते ट्रेडमार्क रद्द झाले. छोट्याला मात्र तोवर झळ बसलेली होती. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

म्हणून तुम्हाला खरी भीती कोर्टाची नाही, स्टोअरची आहे. तिथे तक्रार गेली तर निकालाआधीच गेम उतरू शकतो. त्यामुळे क्रमांक आजच शोधा. शोध मोफत आहे, त्यासाठी अँटॉप हिलच्या कार्यालयात जायची गरज नाही. वर्ग ९ (डाउनलोड होणारे गेम) आणि वर्ग ४१ (ऑनलाइन गेम सेवा) दोन्ही बघा. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये (नोंदणी कार्यालय अर्ज जाहीर करतं ते प्रकाशन) येऊन चार महिने झाले नसतील तर विरोध नोंदवता येतो. ऑनलाइन शुल्क एका वर्गाला २,७०० रुपये आहे. नोंदणी नसताना नुसत्या धमक्या येत असतील तर कलम १४२ खाली तुम्हीच कोर्टात जाऊ शकता, हे वकिलाला विचाराच.

त्यांच्या लोगोची अक्षरं किंवा रंग तुमच्या चित्रात उतरले असतील तर ते मात्र लगेच बदला, तिथे तुमची बाजू लंगडी आहे. आणि पहिल्या बिल्डची (गेमच्या पहिल्या तयार आवृत्तीची) तारीख, स्टोअरकडून आलेली मंजुरीची ईमेल, पहिली जाहिरात हे सगळं आज रात्रीच एका फोल्डरमध्ये ठेवा. त्यांच्या वापराच्या आणि नोंदणीच्या आधीपासून तुम्ही हे नाव सलग वापरत असाल तर कलम ३४ तुमच्या बाजूने उभं राहतं, आणि त्यासाठी या तारखाच लागतील.