वकिलाला 25 हजार देऊन 85 हजारांसाठी भांडायचं का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न. मॉड्युलर किचनसाठी कारागिराला 85 हजार अ‍ॅडव्हान्स दिला, त्यातले 65 यूपीआयने आणि 20 रोख, पावतीशिवाय. वर्ष होत आलं, एक ट्रॉलीसुद्धा बसली नाही. आता तो म्हणतोय, तीन हप्त्यांत 60 हजार देतो, मिटवून टाका. वकील 25 हजार फी सांगतात. केस करू का?

ताई, वकील लावून पूर्ण 85 मिळाले तरी फी जाऊन हातात 60च उरतात. तेवढे तो भांडणाशिवाय द्यायला तयार आहे. तेव्हा वकिलाचा विषय इथंच सोडू.

स्वतः तक्रार केली तर? जिल्हा ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही आणि दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी शून्य. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जोडायचं आणि घडलं ते तारीखवार लिहायचं. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, वर फार तर 15. निकाल 3 महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो, पण त्या भरवशावर स्वयंपाकघराचं बजेट बांधू नका. केस दोन वर्षं चालली असं धरलं, तर आज मिळालेले 60 हजार 7 टक्क्यांच्या एफडीत तेवढ्या काळात साधारण 68,700 होतात. त्यात तारखांसाठी काढाव्या लागणाऱ्या रजा धरलेल्याच नाहीत.

मला जास्त खटकतात ते रोखीचे 20 हजार. आज ठामपणे सिद्ध होतील ते 65च. म्हणून चिडायच्या आधी त्याला साधा मेसेज टाका, “एकूण 85 पोचले होते ना?” ‘हो’ आलं की तुमची बाजू एकदम वजनदार होते. मग 75 मागा. 60 एकरकमी खात्यात येत असतील तर मी घेईन. हप्तेच हवे असतील तर तिन्ही हप्त्यांचे तारीख घातलेले चेक आधी घ्या. न वटल्यास बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. शेवटचा पैसा जमा होईपर्यंत ‘हिशोब पूर्ण’ अशा कागदावर सही नको.

तो 15 दिवस नुसता टोलवत राहिला, तर स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा आणि तक्रार दाखल करा. मुदत 2 वर्षांची आहे. धोका नको म्हणून ती अ‍ॅडव्हान्स दिल्या दिवसापासूनच मोजा. निकालानंतरही त्यानं पैसे दिले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो आणि आदेश धुडकावणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. पण त्याच्याकडे वसूल करण्याजोगं काही आहे का, ते आधी उद्यमनगरच्या कारखान्यांच्या भागात चार ठिकाणी विचारून घ्या. गाळा भाड्याचा आणि घेणेकरी रांगेत असतील, तर 60ला लगेच हो म्हणा.

आणि एकटीनं उभं राहायची धास्ती वाटली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.