मृत्युपत्र? आत्तापासून?

“आमचं वय काय, आमच्याकडे आहे काय? मृत्युपत्र म्हातारपणी करायचं असतं.” माझ्याकडे येणारी तरुण जोडपी हटकून असं म्हणतात. पाठोपाठ, “असलं अभद्र बोलायचंच कशाला?”

तिशी ओलांडलेल्या एक बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तक्रार झोपेची. ओळखीतलं एक जोडपं अपघातात गेलं आणि मागे राहिलेल्या मुलावरून दोन्हीकडचे आजी-आजोबा भांडायला लागले. तेव्हापासून यांना एकच घोर: आपल्या मुलीचं कोण करेल? नवऱ्याकडे विषय काढला की तो म्हणे, “नको ते बोलू नकोस.”

अशा वेळी ‘मन रमवा’ असं मी सांगत नाही. काळजी खरी आहे, तिला उत्तरच हवं. दोघांना एकत्र बसवलं, वेगवेगळे कागद दिले. दोघंही नसाल तर मुलगी कोणाकडे राहील? तिने धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं, त्याने आईचं. कागद समोरासमोर ठेवले तेव्हा दोघंही गप्प झाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी बोलणंच झालं नव्हतं. मग तोच हळूच म्हणाला, “आई सत्तरीची आहे. तिला झेपेल?”

मृत्युपत्रात मुलाचा पालक कोण असावा हे लिहिण्याची सोय बहुतेक देशांत आहे. शेवटचा शब्द न्यायालयाचा असला तरी आईवडिलांच्या लेखी इच्छेला वजन असतं. तिथे मालमत्ता किती आहे याचा प्रश्नच येत नाही.

घरी जाऊन त्याने पहिल्या नोकरीत घेतलेली विमा पॉलिसी काढली. नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली! नंतर लग्न झालं, मूल झालं, फॉर्म तसाच. विशीतल्या माणसांना मी म्हणूनच सांगते, दुसरं काही नाही तरी एवढं आजच तपासा.

पुढच्या भेटीला सासूबाई स्वतःहून आल्या. त्या दुखावल्या असतील असं सुनेला वाटत होतं. त्या म्हणाल्या, “पैशांचं तुमचं तुम्ही बघा. मी शुद्धीवर नसले तर नळ्या लावून मला किती दिवस ठेवायचं, ते मला सांगायचंय.” मुलगा म्हणाला, “आई, नको ना.” “मग तेव्हा तू काय ठरवशील, सांग बघू,” असं त्यांनी विचारलं, तर त्याला उत्तर देता येईना.

या कामी मृत्युपत्राचा उपयोग नाही. ते माणूस गेल्यावरच लागू होतं. उपचारांबद्दलची इच्छा आणि आपल्या वतीने कोणी ठरवायचं, हे वेगळं लिहावं लागतं, तेही शुद्धीत असतानाच. चोविशीतल्या अविवाहित मुलालाही ते तितकंच लागू. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांना तर माझा आग्रहच असतो, कारण मृत्युपत्र नसेल तर कितीतरी ठिकाणी सगळं रक्ताच्या नात्यांकडे जातं, जोडीदाराला काही मिळत नाही.

आणि कागद कुठे ठेवलाय, हे घरात कोणाला तरी माहीत हवं. गायिका अरेथा फ्रँकलिन २०१८ मध्ये गेल्या. त्यांनी हाताने लिहिलेले कागद पुढच्या वर्षी घरात सापडले, एक तर सोफ्याच्या गादीखाली. त्यांतला कोणता ग्राह्य धरायचा यावर मुलांमध्ये वाद झाला आणि २०२३ मध्ये ज्युरीला निकाल द्यावा लागला.

या जोडप्याने वकिलाकडे जाऊन मृत्युपत्रं केली, वाटणीत ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार घेतले. त्याआधी बहिणीला विचारायला मी सांगितलं होतं; न विचारता कोणाचं नाव पालक म्हणून घालू नये. तिने विचार करायला थोडे दिवस मागितले. मग हो म्हणाली, पण एक अट घातली: सुट्टीत मुलगी आजीकडे राहायला जाईल, हेही लिहा.