तेरा आठवडे उलटले, आता?

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेकाने भागीदारांबरोबर १२ घरं बांधण्याच्या परवानगीचा अर्ज तिथल्या कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) केलाय. पाच महिने कौन्सिल गप्प होती. आता ‘निर्णयाच्या मुदतवाढीला संमती द्या’ असा तिचा मेल आलाय. द्यावी का?
– एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, घाईने ‘हो’ लिहू देऊ नका. दहा किंवा जास्त घरं म्हणजे मोठा प्रकल्प. कौन्सिलला निर्णयाची मुदत १३ आठवडे, तीही परिपूर्ण अर्ज फीसह पोचला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. ती तारीख आधी पाहायला सांगा. २६ आठवड्यांत निर्णय झाला नाही, तर अर्जाची फी परत मागता येते; लेखी वाढ दिली की तो हक्क गेलाच. निर्णय दिला नाही म्हणून अपील करता येतं, पण त्यातही महिने जातात. तिथल्या कौन्सिलात नोकरीत असताना असली पत्रं मीच धाडायचो! नुसता सांडपाण्याच्या सोयीवरचा तज्ज्ञांचा शेरा यायचा राहिला असेल, तर नेमकी तारीख घालून संमती द्यावी.