११ केव्ही व्हीसीबीची (व्हॅक्यूम सर्किट ब्रेकरची) ट्रिप कॉइल सारखी जळते, बदलली तरी तेच. कारण काय असेल?

आधी कॉइल बदलणं थांबवा. तुम्ही लिहिलंय की साखर कारखान्यातल्या ब्रेकरला ११० व्होल्ट डीसीची योग्य कॉइल घातली, ब्रेकर दोन-चारदा नीट ट्रिप झाला आणि मग ती पुन्हा जळाली. म्हणजे कॉइलमध्ये खोट नाही, तिचा सप्लाय वेळेत तुटत नाही.

ब्रेकर उघडणारी, म्हणजे ट्रिप करणारी, ही कॉइल क्षणभराच्या कामापुरती बनवलेली असते. ब्रेकर उघडायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. पण ८६ मास्टर ट्रिप रिले (बिघाड झाला की ब्रेकरला ट्रिप देणारा रिले) हाताने रिसेट करेपर्यंत त्याचा कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो. मग सप्लाय तोडायचा कुणी? कॉइलच्या सिरीजमधल्या ऑक्झिलरी स्विचच्या (ब्रेकरबरोबर हलणाऱ्या छोट्या स्विचच्या) एनओ, म्हणजे नॉर्मली ओपन, कॉन्टॅक्टने. ब्रेकर ऑन असताना तो जुळलेला, ऑफ झाला की सुटलेला. तो सुटला नाही की धूर.

मी कुपवाड एमआयडीसीत पॅनेलची कामं करतो. कॉन्टॅक्ट जुळत नाही म्हणून कुणीतरी तो बायपास करणारी तात्पुरती वायर, म्हणजे लिंक, मारलेली असते आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते, हे मी पाहिलंय. त्यामुळे ड्रॉइंग समोर ठेवून आधी तेवढं बघा. मग ब्रेकर टेस्ट पोझिशनला (मेन सप्लायपासून सुटा) घ्या, कंट्रोल डीसीचे फ्यूज काढा, हाताने ऑन-ऑफ करत मल्टिमीटरने तो कॉन्टॅक्ट तपासा. लिंकेजचा दांडा, पिन, चेकनट हलवून बघा, पण स्प्रिंग डिस्चार्ज केल्याशिवाय आत बोट घालू नका.

कॉन्टॅक्ट ठीक निघाला तर मेकॅनिझमकडे वळा. तुमचा साखर कारखाना, म्हणजे गळीत हंगाम संपला की ब्रेकर महिनोन्महिने हलत नाही. ग्रीस सुकतं, त्यात बगॅसची (उसाच्या चिपाडाची) धूळ बसते, ब्रेकर ऑन धरून ठेवणारा लॅच जड होतो. कॉइल ओढत राहते, ब्रेकर उघडत नाही, त्यामुळे ऑक्झिलरी कॉन्टॅक्टही सुटत नाही. हंगामाच्या तोंडाला कॉइल जळत असेल तर माझा पहिला संशय इथेच.

बॅटरीही बघा, व्होल्टेज कमी पडलं तरी ब्रेकर उघडत नाही आणि कॉइल सप्लायवरच राहते. डीसीची शंट ट्रिप (हीच ट्रिप कॉइल) रेटेड व्होल्टेजच्या ७० टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे ७७ व्होल्टवर, चालायला हवी. चार्जर चालू असताना मीटरवर ११० दिसतातच, त्याला अर्थ नाही. चार्जर बंद करून, ट्रिप देताना खुद्द कॉइलच्या टर्मिनलवर मोजा. तिथे व्होल्टेज कोसळलं तर एखादा सेल गेलाय किंवा टर्मिनल ढिलं आहे.

पॅनेल उघडलंच आहे तर अँटी-पंपिंगही (ब्रेकर सारखा ऑन-ऑफ होऊ न देणारी सोय) तपासा. टेस्ट पोझिशनलाच, डीसी परत देऊन, टीएनसी (ट्रिप-क्लोजचा स्विच) क्लोजला धरून ठेवा आणि रिलेवरून ट्रिप द्या. स्प्रिंग पुन्हा चार्ज झाली तरी, हात सोडेपर्यंत ब्रेकर परत ऑन होता कामा नये.